तुम्हाला वाटेल ते द्या

“किती द्यायचे, भाभी?” सिस्टरनी दारातच विचारलं. त्यांच्या खांद्यावर सात महिन्यांची मुलगी झोपली होती. दुसऱ्या हातातल्या पिशवीत दुधाची बाटली, चार लंगोट आणि एक खुळखुळा. रजा संपली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात हजर व्हायचं होतं. मी म्हणाले, “तुम्हाला वाटेल ते द्या. लेकराचं काय पैशात मोजायचं?”

२०२२ च्या जून महिन्यातली ही गोष्ट. त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. रात्री जेवताना मी ते घरात दोनदा सांगितलं. पुढचं वर्षभर तेच वाक्य मला कसं महागात पडलं, ते आज लिहायला बसले आहे. कारण आपल्या कितीतरी भगिनी घरात बसून काही ना काही करतात. कुणी शिवण, कुणी मेंदी, कुणी पापड-कुरडया, कुणी लहान मुलांची अरबी-उर्दूची शिकवणी. काम सगळ्यांना येतं. भाव सांगायची वेळ आली की जीभ अडते.

आम्ही बोदवडचे. मुलांचे अब्बू शिवणकाम करतात, बसस्टँडकडे त्यांचं छोटं दुकान आहे. रेडीमेड कपड्यांनी गिऱ्हाईक आधीच कमी केलं होतं. टाळेबंदीत दोन वर्षांची लग्नसराई बुडाली आणि घरखर्चाचा मेळ बसेना. माझं शिक्षण दहावीपर्यंत. बाहेर नोकरी मिळण्यासारखं हातात काही नव्हतं. दोन मुलं वाढवलेली, जावेची तीन सांभाळलेली, एवढाच अनुभव. पुढची खोली मोठी आहे, मागे अंगण आहे. सिस्टर आमच्याच गल्लीच्या टोकाला भाड्याने राहत. त्यांच्या मुलीपासून सुरुवात झाली. मग झेडपी शाळेतल्या गुरुजींचा मुलगा आला. ते आणि त्यांची बायको दोघंही शिक्षक, सकाळी मोटरसायकलवर खेड्यावर जायचे. नंतर नागपूरहून बदली होऊन आलेल्या बँकेतल्या मॅडम, मग मेडिकल दुकान चालवणारं एक जोडपं. आणि माझ्या नणंदेची नात. नणंदेची सून उर्दू शाळेत शिकवते.

२०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते, आणि कायद्याने सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजाही मिळते. चांगलंच आहे. पण बोदवडसारख्या गावात एका छपराखाली पन्नास माणसं कामाला असलेली ठिकाणं किती? इथे बाई कामाला निघते ती शाळेत, दवाखान्यात, बँकेत, दुकानात, नाहीतर जिनिंगवर आणि शेतात. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. संध्याकाळपर्यंत लेकरू कुणाच्या तरी घरीच राहतं.

इतर सगळ्या गोष्टी मी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यायची. दिवसा आमच्या गॅसवर मांस शिजत नाही, शाकाहारी घरच्या मुलांची ताट-वाटी वेगळी ठेवते, डबा घरून दिला तरी चालेल. ताप असलेलं मूल आणू नका. हे बोलायला मला कधी संकोच वाटला नाही आणि ऐकणाऱ्यांनीही बरं मानलं. बँकेच्या मॅडम तर म्हणाल्या, “तुम्ही एवढं सरळ बोलता, मला आवडलं.” त्याच मॅडमनी पुढच्या मिनिटाला फी विचारली आणि मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

वाटेल ते म्हणजे प्रत्येकाला वेगळंच वाटतं. सिस्टर महिन्याला आठशे रुपये देत. गुरुजी हजार. बँकेच्या मॅडम दीड हजार. मेडिकलवाले सातशे देत, तेही कधी दहा तारखेला, कधी वीसला. नणंदेच्या घरून पैसे येत नसत. ईदला माझ्यासाठी ड्रेसचं कापड आलं, एकदा शेतातली तूर आली. मी कुणाला काही बोलले नाही. मनात मात्र हिशेब चालूच राहिला. सिस्टरना उशीर झाला की वाटायचं, आठशे रुपयांत रात्री साडेसातपर्यंत. मेडिकलवाल्यांचा मुलगा दोनदा कपडे भरवायचा तेव्हा वाटायचं, सातशेत एवढा साबण. लेकराचा काय दोष? पण चिडचिड त्याच्यावरच निघायची. एक दिवस त्याला धुताना माझा हात जरा जोरात लागला. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

२०२३ चा रमजान मार्चअखेर सुरू झाला आणि एप्रिलमध्ये संपला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना नुसतं सांगून कळणार नाही. दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही. पत्र्याखालची खोली, पाच लेकरं, त्यात दोन अजून लंगोटातली. कूलर दिवसभर चालू ठेवावा लागतो आणि कूलरला पाणी लागतं. बोदवडकरांना पाण्याचं काही नव्याने सांगायला नको. नळ बारा-पंधरा दिवसांनी येतो, उन्हाळ्यात कधी त्याहूनही उशिरा. लंगोट धुवायला पाणी, कूलरला पाणी, लेकरांना पाजायला जारचं पाणी. रोजा धरून मी हे सगळं करत होते. लोक म्हणायचे, सवाब मिळेल. मिळो, इन्शाअल्लाह. पण ईद झाल्यावर टँकरवाल्याला द्यायला घरात पैसे नव्हते. त्या रात्री मी यांच्यासमोर वही ठेवली.

यांनी चष्मा लावला आणि शिंप्यासारखा हिशेब मांडला. कापड, अस्तर, दोरा, बटण, वीज, असं ते एकेका कपड्याचं मांडतात तसा. दूध रोज अर्धा लिटर, साठच्या भावाने सव्वीस दिवसांचे ७८०. दुपारी चार तास मदतीला येणाऱ्या शेजारच्या मुलीचे १,५००. सिलिंडर तेव्हा अकराशेच्या घरात होता. दोन महिन्यांत एक जास्तीचा लागायचा, म्हणजे महिन्याचे ५५०. कूलरमुळे वाढलेलं लाइटबिल ६००. टँकर आणि जार मिळून आमच्या वापराखेरीज ५००. साबण, फिनाइल, फडकी २५०. रवा, पोहे, केळी, बिस्किटं ७००. बेरीज झाली ४,८८०. आणि आलेले पैसे? आठशे, हजार, दीड हजार, सातशे. बरोबर चार हजार.

महिनाभर राबून वर मीच ८८० रुपये घालत होते.

हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, “आणि यात तुझी मजुरी कुठे आहे?” ती कुठेच नव्हती. ती लिहावी हे मला सुचलंच नव्हतं.

पलंगावर तसबीह घेऊन बसलेल्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळं ऐकत होत्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “वो पँट के पैसे बोलता है तब शरमाता है क्या? तू काहे को शरमाती?” दुकानात खरंच यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची पाटी आहे: शर्ट, पँट, पायजमा, अल्टर, सगळ्याचे दर. ‘वाटेल ते द्या’ असं त्यांनी कुणाला म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आणि त्यांना कुणी लोभीही म्हटलं नाही.

पण मजुरी धरायची किती? माझा भाऊ जामनेर तालुक्यातल्या एका खेड्यात रोजगार सेवक आहे. मी त्याला फोन केला. त्याने त्या वर्षीचा रोजगार हमीचा महाराष्ट्राचा दर सांगितला, दिवसाला २७३ रुपये. आणि सहज बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी थक्क झाले. कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला बसवावं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असं त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. म्हणजे माती उचलणारीला जेवढी, तेवढीच झाडाखाली लेकरं राखणारीला. आमच्या घरातही पाचच लेकरं होती. २७३ गुणिले २६ म्हणजे ७,०९८. त्यात खर्चाचे ४,८८० मिळवले तर ११,९७८. सहा मुलं धरली तर एकाचे जवळजवळ दोन हजार. सहावं आलं की दूध-खाऊ थोडा वाढणार, तो आम्ही माझ्या मजुरीतून सोडला. सहाच्या वर मूल घ्यायचं नाही हेही त्याच रात्री ठरलं. दोन हातांना त्याहून जास्त झेपत नाही.

आकडा वहीवर होता, पण मनातली अढी गेली नव्हती. लेकरू सांभाळणं हे पुण्याचं काम, त्याचे दर कसे लावायचे? म्हणून मी कुरआनचा अनुवाद काढून बसले. जे सापडलं ते मी लहानपणापासून कितीदा वाचलं होतं, पण या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. सूरह अल-बकरामध्ये दूध पाजण्याच्या मुदतीबरोबरच आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि कुणावर ऐपतीबाहेर ओझं टाकू नये असंही तिथेच आहे. बाळ दुसऱ्या बाईकडे दूध पाजायला द्यायचं असेल तर हरकत नाही, मात्र तिचं जे ठरलं असेल ते रीतीप्रमाणे चुकतं करावं. सूरह अत-तलाक तर त्याहून पुढे जाते. तलाक झालेली आई स्वतःच्याच बाळाला दूध पाजत असेल तरी तिला तिचा मोबदला द्या, आणि तो आपसांत भल्या रीतीने बोलून ठरवा. स्वतःच्या पोटच्या बाळाचा मोबदला! तिथे ‘उजूर’ हा शब्द आहे, मजुरीचाच. मग मी शेजारणीच्या बाळाच्या पैशाला का लाजत होते?

हजरत हलीमा (रजि.) यांची गोष्ट आपण सगळ्याच जणी मुलांना सांगतो. त्यांची सवारी कशी चपळ झाली, आटलेल्या जनावरांना दूध कसं आलं. पण ती गोष्ट सुरू कुठे होते? दुष्काळाचं वर्ष, बनी सअदच्या बायका मक्केला आल्या त्या दूध पाजायला बाळं मिळवायला, आणि त्याचा मोबदला मिळावा म्हणून. पोरकं बाळ घ्यायला त्या का कू करत होत्या, कारण बापच नाही तर देणार कोण? हलीमांनीही आधी तोच विचार केला, रिकाम्या हाताने परतायचं नाही म्हणून शेवटी बाळ घेतलं. ही हकीकत सीरतच्या पुस्तकांत काही न लपवता सांगितली आहे. मोबदल्याचा विचार मनात असलेल्या त्याच बाईला प्रेषितांनी (स.) आयुष्यभर आईचा मान दिला.

मे महिन्याच्या अखेरीस यांनी दुकानातल्या पाटीसारखाच एक कागद लिहून दिला आणि मी तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. पूर्ण दिवस, नऊ ते सहा, दोन हजार रुपये. अर्धा दिवस बाराशे. पैसे पाच तारखेच्या आत, चालू महिन्याचे आगाऊ. मधल्या खाड्यांचे पैसे कापले जाणार नाहीत. शिक्षकांच्या उन्हाळी सुटीत जागा राखायची असेल तर अर्धी फी. दोन्ही ईदचे दोन-दोन दिवस आणि रविवार बंद. सहानंतर दर अर्ध्या तासाला वीस रुपये.

खाड्यांच्या ओळीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. मूल चार दिवस आलं नाही तर त्याचं दूध वाचतं, हे खरं. पण मदतीच्या मुलीचे पैसे वाचत नाहीत, आणि ती जागा मी चार दिवसांसाठी दुसऱ्याला देऊ शकत नाही. हे मी समजावून सांगितलं आणि बहुतेकांना पटलं. आधी मी सुटीच्या महिन्यात काहीच घेत नव्हते आणि जूनमध्ये जागा मात्र तयार ठेवत होते.

बँकेच्या मॅडमनी कागद वाचला, पर्स उघडली आणि दोन हजार दिले. म्हणाल्या, “मला वाटलं होतं तुम्ही अडीच सांगाल.” म्हणजे वर्षभर त्या दीड हजार देत होत्या ते माझ्या बोलण्यावर विसंबून. सिस्टर कागदासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “भाभी, मी तर तुम्हाला घरचं समजत होते,” म्हणाल्या. मला रडू आलं. मी काही उत्तर दिलं नाही. मनात आलं, घरची समजून दिलेल्या त्या आठशेतले सहाशे तर माझ्या कूलरनेच खाल्ले. त्या रात्री त्यांचा फोन आला, अठराशे चालतील का? मी हो म्हटलं. घासाघीस करण्यात काही वाईट नाही. दुकानात रोज होते.

गुरुजी मोबाइलमध्ये काहीतरी शोधून आले होते. “राष्ट्रीय पाळणाघर योजनेत बघा, जास्तीत जास्त दोनशे रुपये फी आहे. तुम्ही दहापट घेता.” त्यांचं चूक नव्हतं. त्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरासाठी वीस रुपये, बारा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शंभर आणि त्यावर दोनशे असेच दर होते. मी विचारलं, “सर, तिथे बाईला मानधन कोण देतं?” मानधन सरकारचं होतं, सेविकेला तीन हजार आणि मदतनिसाला दीड हजार, आणि मुलं पंचवीस. माझ्या डोक्यावर सरकार नाही आणि माझ्याकडे पंचवीस लेकरंही नाहीत. गुरुजी हसले, पण जून-जुलै मुलाला आजीकडे खेड्यावर ठेवलं. ऑगस्टमध्ये आजीचे गुडघे थकले आणि तो परत आला.

आता वीस रुपयांच्या दंडाची फजिती. आधी सहा वाजून गेले की मेडिकलवाले धावत यायचे. घामाघूम, “सॉरी भाभी, गिऱ्हाईक होतं.” दंड लावला आणि ते धावायचे थांबले. सात वाजता निवांत यायचे, “लावा ना चाळीस रुपये.” मी चक्रावले. माझी धाकटी बहीण बीएड करते, तिने सांगितलं की हैफा शहरातल्या पाळणाघरांत असाच प्रयोग झाला होता आणि २००० साली तो छापून आला. उशिराला दंड लावल्यावर उशिरा येणारे पालक कमी व्हायचे ते वाढलेच, जवळजवळ दुप्पट झाले. आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्वीसारखे झाले नाहीत. पालकांना वाटलं, आता उशीर विकतच मिळतो. मी दंडाची ओळ खोडली. त्या जोडप्याला म्हटलं, सातपर्यंत ठेवायचं असेल तर फी अडीच हजार, नाहीतर सहा म्हणजे सहा. मगरिबनंतर घर माझ्या मुलांचं. एक महिना त्यांनी अडीच हजार दिले. दुसऱ्या महिन्यापासून दोघांतलं एक जण पावणेसहाला हजर.

नणंदेचं प्रकरण मात्र इतकं सहज मिटलं नाही. कागद लावल्यावर चार दिवसांनी ती आली. वाचून घेतलं आणि म्हणाली, “ये हमारे लिए भी है क्या?” मी म्हटलं, “आपा, थोडं कमी, पण काहीतरी...” वाक्य पुरं व्हायच्या आतच तिने बुरखा सावरला. नात दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. जूनअखेर बकरी ईद आली. दरवर्षी तिच्या घरचे सगळे जेवायला असतात. त्या वर्षी कुणी आलं नाही. हे आपल्या बहिणीच्या घरी वाटा घेऊन गेले तर तो तिच्या मुलाने दारातच घेतला. मला वाटलं, दोन हजारांच्या कागदाने मी एक नातं घालवलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी नणंदेची सून एकटीच आली. हातात पाकीट, त्यात पंधराशे रुपये. “मामी, उद्यापासून आणू का हिला?” मी पैसे परत तिच्या हातात ठेवायला लागले तर तिने हात मागे घेतला. आणि मग जे म्हणाली ते मी अजून विसरले नाही. “मामी, राग मानू नका. पैसे देत नव्हते म्हणून मला काही बोलता येत नव्हतं. हिला तुम्ही सगळ्यांच्या शेवटी भरवायच्या. एकदा मी लवकर आले होते, तेव्हा ही ओल्या लंगोटात बसलेली होती. फुकट ठेवलं आहे, मग कसं बोलणार?”

मी नाही म्हणू शकले नाही. खरं होतं ते. मुद्दाम नव्हतं, पण खरं होतं. घरचीच तर आहे, ही थांबेल, असं म्हणून मी तिला रोज शेवटी घेत होते. ज्यांनी पैसे दिले त्यांच्या लेकरांचं आधी. नातं राखते म्हणून मिरवत होते आणि नात्यातल्या लेकराच्या वाट्याला उरलेलं दूध येत होतं. मी पाकीट घेतलं. नणंद आता बोलते, पण पैशाचा विषय आमच्यात निघत नाही. ते सगळं सून बघते.

आमच्या भागात कापसाचे जिनिंग आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. २०२२ च्या हंगामात तिथे काम करणारी एक बाई पाठीला सहा महिन्यांचं पोर बांधून माझ्या दाराशी आली होती. नवरा बाहेरगावी, परत येईल की नाही ठाऊक नाही. मी तिला म्हटलं, “ठेव इथे. काही देऊ नको.” चार दिवस तिने पोर आणलं. पाचव्या दिवशी आली नाही. जानेवारीत एकदा त्या बाजूला गेले तर कापसाच्या ढिगाशेजारी झोळीत ते पोर झोपलेलं दिसलं. केसांवर, पापण्यांवर कापसाची धूळ. मला तिचा रागच आला. फुकट ठेवत होते तरी नेलं नाही, म्हणून.

पुढच्या हंगामात ती पुन्हा आली. पोर आता चालायला लागलं होतं. जिनिंगमध्ये पट्टे फिरत असतात, मुकादमाने ते आणू नको असं बजावलं होतं. तिला वाचता येत नाही. दारावरच्या कागदाकडे बोट दाखवून तिने विचारलं, “काय लिव्हलंय ह्यात?” मी वाचून दाखवलं. दोन हजार ऐकून ती घाबरली नाही. म्हणाली, “हे त्यांच्यासाठी झालं. मले किती?” मी गप्प बसले. मग तिनेच सांगितलं, “बाजाराच्या दिवशी हप्ता भेटतो. हप्त्याला पन्नास देते.” मी विचारलं, मागच्या वर्षी का थांबलीस? ती म्हणाली, “फुकटात ठेवलं की उशीर झाला तं बोलणी बसतील वाटे. कधी बी काढून टाकाल वाटे.”

पन्नास ठरले. दर बाजाराच्या दिवशी ती घडी केलेली नोट आणून देते, एकदाही चुकली नाही.

गुरुजींच्या कानावर हे गेलंच. “आम्ही दोन हजार आणि ती दोनशे?” मी म्हटलं, “सर, तुम्हीच दाखवलं होतं ना, सरकारसुद्धा वीस, शंभर आणि दोनशे असं उत्पन्न बघून घेतं.” शिवाय तिची सवलत मी तुमच्या मुलाच्या दुधातून काढत नाही, माझ्या मजुरीतून काढते, हेही सांगितलं. एवढं सांगता यावं म्हणून तरी मजुरी आधी वहीत लिहिलेली असावी लागते. तेव्हा मला हे बोलता आलं, आधी आलं नसतं.

त्या डिसेंबरचा हिशेब वहीत आहे. सिस्टर १,८००, बँक २,०००, मेडिकल २,०००, गुरुजी २,०००, नणंदेची सून १,५००, जिनिंगवाली २००. एकूण ९,५००. कूलर बंद असला तरी दूध-खाऊ वाढल्याने खर्च पाच हजार धरला. हातात राहिले ४,५००, दिवसाला १७३ रुपये. २७३ काही झाले नाहीत, आजही होत नाहीत. पण मेडिकलवाल्यांच्या मुलाला धुताना आता माझा हात जड पडत नाही. एवढा फरक मला जाणवतो.

दर एप्रिलमध्ये मी भावाला फोन करून रोजगार हमीचा नवा दर विचारते. २०२४ मध्ये २९७ झाला, २०२५ मध्ये ३१२. त्या मानाने दाराचा कागदही बदलते. आधी बावीसशे केले, आता तेवीसशे आहेत. एक महिना आधी सगळ्यांना सांगून. यांच्या दुकानातल्या पाटीवरचे दर मात्र चार वर्षांपासून तेच आहेत, हे मी त्यांना ऐकवते. ते दोरा तोंडात धरून ऐकून घेतात.

सिस्टरना मागच्या हिवाळ्यात दुसरी मुलगी झाली. मोठी आता बालवाडीत जाते, रस्त्यात दिसली की ‘खाला’ म्हणून हाक मारते. परवा सिस्टरचा फोन होता. रजा संपत आली आहे. “भाभी, आता किती घेता?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “तेवीसशे. एक वर्षाच्या आतल्या बाळाचे दोनशे जास्त.” पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, “यांना विचारून सांगते.” सहातली एकच जागा मोकळी आहे आणि तहसीलमधल्या एक मॅडमही विचारून गेल्या आहेत. त्यांना मी सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे.